ताटातली नरोटी

२०२५च्या ऑगस्टमध्ये 'रांझणा'ची तमिळ आवृत्ती पुन्हा थिएटरात लागली आणि मूळ सिनेमात मरणारा नायक तिच्यात डोळे उघडून उठून बसला. २०१३च्या सिनेमाचा शेवट एआय वापरून बदलला होता. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि धनुष या दोघांनीही जाहीर हरकत घेतली, निर्मात्यांनी आपला हक्क सांगितला आणि मग जो वाद पेटला तो आजतागायत त्याच दोन वाक्यांत अडकून पडला आहे. एक बाजू म्हणते, आमच्या आठवणींना हात लावू नका. दुसरी म्हणते, ज्याचा माल त्याची मर्जी, पटत नसेल तर बघू नका. मला दोन्ही बाजू चुकीच्या वाटतात, आणि त्यातही पहिली अधिक घातक वाटते, कारण ती बरोबर गोष्टीसाठी चुकीच्या मुद्द्यावर भांडते आणि म्हणून हरते. माझं म्हणणं सरळ आहे. सिनेमा ज्या रूपात लोकांसमोर आला, त्या रूपात तो कायम मिळत राहिला पाहिजे. त्याच्या शेजारी नव्या आवृत्त्या हव्या तितक्या काढाव्यात. पण नवीने जुनीची जागा घेता कामा नये, आणि याचं कारण तुमच्या-माझ्या बालपणात नाही.

हे मी जेम्स कॅमेरॉन यांच्या 'टर्मिनेटर २'वर जीव असलेला माणूस म्हणून लिहितो आहे. भविष्यातून आलेलं माणसासारखं यंत्र, म्हणजे श्वार्झनेगरचा टर्मिनेटर, जॉन नावाच्या मुलाला आणि त्याची आई सारा कॉनर हिला पोलिसाच्या रूपातल्या दुसऱ्या यंत्रापासून वाचवतं, तो सिनेमा. दहा वर्षांचा असताना सांगलीत पाहिला, त्यानंतर किती वेळा पाहिला याची गणती नाही. पण मी पाहिलं ते नेमकं काय होतं? आमचा केबलवाला रात्री जेवणं उरकल्यावर व्हीसीआरवर कॅसेट लावायचा. चित्राच्या खालच्या भागात पांढरे पट्टे सरकत असायचे, माणसांचे चेहरे हिरवट दिसायचे, आणि कॅसेट ज्या जागी खूप वेळा मागं-पुढं केलेली असेल त्या जागी आवाज पाण्यात बुडाल्यासारखा यायचा. इंग्रजी कुणालाच धड कळत नव्हतं. आतेभाऊ शेजारी बसून गोष्ट सांगायचा आणि त्यातली अर्धी त्याच्या मनची असायची. सारा कॉनरला वेड्यांच्या इस्पितळात का डांबलं आहे, हे मला पुढं कित्येक वर्षं माहीत नव्हतं. आता आठवणच जपायची म्हटली, तर ती कॅसेट जपावी लागेल, पट्ट्यांसकट. ती कुणालाच नको आहे, मलाही नको. म्हणजे 'माझ्या लहानपणीचा सिनेमा' हा युक्तिवाद पहिल्याच धक्क्याला कोसळतो, आणि समोरचा माणूस तो कोसळवतो तेव्हा त्याचं खरं असतं. लहानपणी आपल्यापैकी बहुतेकांनी हा सिनेमा पाहिलाच नव्हता, त्याची सावली पाहिली होती.

मग जपायचं ते काय? ३ जुलै १९९१ रोजी अमेरिकेत हा सिनेमा लागला. सुमारे दहा कोटी डॉलर खर्च, त्या काळी डोळे विस्फारायला लावणारा आकडा. चार ऑस्कर, त्यात दृश्य-करामतींचं एक. बहुतेकांच्या डोक्यात तो 'कॉम्प्युटरवर केलेला पहिला मोठा सिनेमा' म्हणून बसला आहे. प्रत्यक्षात सव्वादोन तासांच्या सिनेमात संगणकानं काढलेली दृश्यं एकत्र केली तर काही मिनिटंच भरतात. बाकी सगळं माणसांच्या हातचं आहे. पाऱ्यासारख्या त्या पोलिसाला गोळ्या लागतात आणि छातीवर चंदेरी फुलं उमलतात, ती स्टॅन विन्स्टन यांच्या कारागिरांनी फोमची करून, वर धातूचा मुलामा देऊन, कपड्याखाली स्प्रिंगवर दाबून बसवलेली होती. इस्पितळाच्या काळ्या-पांढऱ्या फरशीतून एक आकार वर येतो, तो संगणकाचा. पण कॉफीचा कप हातात घेतलेला रखवालदार मागं वळल्यावर त्याला स्वतःचंच रूप समोर उभं दिसतं, तो त्याचा खराखुरा जुळा भाऊ आहे. डॉन आणि डॅन स्टँटन. शेवटी पोलादाच्या कारखान्यात दोन सारा एकाच चौकटीत येतात, त्यातली एक लिंडा हॅमिल्टन आणि दुसरी तिची जुळी बहीण लेस्ली. पुलाखालून हेलिकॉप्टर जातं, ते वैमानिक चक टॅम्बुरो यांनी खरोखर पुलाखालून नेलं होतं. तो पोलीस झालेल्या रॉबर्ट पॅट्रिक यांनी तर पिस्तूल झाडताना पापणी लवू नये याचा सराव केला होता. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून आजही अंगावर काटा येतो तो त्या सरावामुळं.

एका दृश्याशी जरा थांबतो. सारा आणि जॉन टर्मिनेटरच्या डोक्यातली चिप काढतात ते दृश्य. समोर आरसा आहे, आरशात श्वार्झनेगरचा चेहरा दिसतो, आणि आरशाच्या अलीकडं, आपल्याकडं पाठ करून त्याचं उघडलेलं डोकं. तिथं आरसा नाही. भिंतीला मोकळी चौकट आहे. चौकटीच्या पलीकडं खरा श्वार्झनेगर आणि लिंडा, अलीकडं बाहुलीचं डोकं आणि लेस्ली, आणि दोघी बहिणी हात एका लयीत हलवताहेत. हे कळल्यावर मी ते दृश्य परत पाहिलं आणि पूर्ण वेळ फक्त चार हात बघत होतो. सिनेमात भविष्यातून आलेलं यंत्र आहे, पण ते आपल्याला खरं वाटतं ते १९९१ सालच्या दोन बहिणींच्या हातांमुळं. जपायची ती ही गोष्ट. अमुक साली, अमुक साधनांनी, अमुक माणसांनी जे केलं त्याची नोंद.

२०१७ साली सिनेमाची त्रिमिती आवृत्ती निघाली. कोरड्या सिमेंटच्या कालव्यातला तो प्रसिद्ध पाठलाग तुम्हाला आठवत असेल. वरून ट्रक खाली कोसळतो, आदळताना पुढच्या काचा निखळून पडतात, आणि लगेचच्या शॉटमध्ये काचा जागच्या जागी असतात. ही जुनी चूक या आवृत्तीत संगणकावर दुरुस्त केली गेली. मोटरसायकलवरून कालव्यात उडी घेणाऱ्या स्टंटमनच्या चेहऱ्यावर श्वार्झनेगरचा चेहरा बसवला गेला. त्याच वर्षी आलेल्या फोर-के डिस्कवर वेगळाच प्रकार झाला होता. फिल्मचा ग्रेन इतका पुसला होता की माणसांची कातडी मेणाची दिसू लागली, आणि जगभरच्या चाहत्यांनी ओरड केली.

ग्रेन म्हणजे काय, हे या वादात फार थोडे लोक सांगतात. तो धुरळा नाही, की प्रिंटवर पडलेला ओरखडा नाही. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात, प्रकाश पडून त्यांच्यात बदल होतो आणि त्या कणांतूनच चित्र तयार होतं. चित्रापासून ग्रेन वेगळा काढणं म्हणजे रांगोळीतून कण काढणं. संगणकाला मात्र ग्रेन आणि कातडीवरचं रंध्र यांतला फरक नीट कळत नाही, म्हणून एक पुसताना दुसरंही जातं. ओरखडा नंतर पडलेला असतो, ग्रेन कॅमेऱ्यातून उजेड गेला त्याच क्षणी तिथं आलेला असतो. ओरखडा काढा, रंग विटले असतील तर मूळ निगेटिव्हशी ताडून परत आणा, फाटलेली चौकट जोडा. याला कुणी विरोध करत असेल तर तो हट्ट आहे. माझी हरकत ती रेघ ओलांडण्याला आहे, आणि ती रेघ चांगली स्पष्ट आहे: प्रदर्शनाच्या दिवशी पडद्यावर जे होतं ते मूळ, त्यावर नंतर बसलं ते मळ.

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा घेऊ, कारण तो माझ्याच लाडक्या सिनेमातून निघतो. मोटरसायकलच्या त्या उडीत गाडी तारांना टांगलेली होती, आणि त्या तारा १९९१ सालीच संगणकानं पुसल्या होत्या. पाठलागातला एक शॉट उलटा वापरावा लागला तेव्हा मागच्या पाटीवरची अक्षरं संगणकावर सरळ करून घेतली होती. तेव्हा तारा पुसलेल्या चालतात, मग आज काच बसवलेली का चालत नाही? साधन तेच, दिग्दर्शक तोच. मला या प्रश्नानं खूप दिवस छळलं. उत्तर साधनात सापडत नाही, ते वेळेत आहे. कुंभाराच्या हातात माती ओली असेतो त्यानं काठ कितीही वेळा मोडून घडवावा. आव्यातून भाजून निघालेलं मडकं लोकांच्या घरी गेलं, त्यात पाणी भरलं गेलं, त्यानंतर काठ बदलायचा तर नवं मडकं घडवावं लागतं. १९९१ साली तारा पुसणं हा त्या वर्षाच्या कामाचा भाग होता, त्या वर्षी काय जमत होतं याचा पुरावा होता. २०१७ साली स्टंटमनचा चेहरा झाकणं हे दुसऱ्या वर्षाचं काम आहे. ते करा, पण त्याला दुसऱ्या वर्षाचं काम म्हणा. आणि चेहरा झाकणं ही गोष्ट मला काचेपेक्षा कितीतरी जास्त लागते. ज्या माणसानं जीव धोक्यात घालून उडी मारली, त्याच्या कामाचा पडद्यावर एवढाच पुरावा होता, की नीट पाहिलं तर चेहरा ओळखीचा वाटत नाही.

'पण सिनेमा घडवला दिग्दर्शकानंच, त्याला हक्क नाही का?' आहे. लेखक पुस्तकाची सुधारित आवृत्ती काढतोच. फरक इतकाच की पहिली आवृत्ती ग्रंथालयात, रद्दीत, कुणाच्या तरी कपाटात राहते. सिनेमाचं तसं नसतं. प्रिंट नष्ट होतात, आणि बाजारात जी फाइल आहे तोच सिनेमा होऊन बसतो. जॉर्ज लुकास यांनी १९८८ साली अमेरिकी संसदेपुढं साक्ष दिली होती. जुन्या कृष्णधवल सिनेमांना रंग देण्याचं पेव तेव्हा फुटलं होतं, आणि कलाकृतीत नंतर फेरफार करण्याविरुद्ध त्यांनी कळकळीनं मांडणी केली. त्याच लुकास यांनी १९९७ साली 'स्टार वॉर्स'मध्ये नवी दृश्यं घातली, आणि १९७७ साली लोकांनी रांगा लावून पाहिलेला सिनेमा बाजारातून मागं घेतला. २००६ साली तो डीव्हीडीवर आला तोही जोडीची भेट म्हणून, १९९३च्या लेसरडिस्कसाठी (डीव्हीडीच्या आधीची मोठी तबकडी) केलेल्या जुन्या नकलेवरून. ज्यानं धोका सर्वांत आधी ओळखला तोच त्यात पडला, यावरून एवढं कळतं की प्रश्न चांगल्या-वाईट माणसांचा नाही. स्वतःच्या जुन्या कामातल्या उणिवा बघवत नाहीत, हे अगदी माणसासारखं आहे. म्हणूनच ते एकट्याच्या मर्जीवर सोडता येत नाही. स्पीलबर्ग यांनी २००२ साली 'ई.टी.'मधल्या पोलिसांच्या हातातल्या बंदुका काढून वॉकीटॉकी दिले, पुढं बंदुका परत आणल्या, आणि आपण तसं करायला नको होतं असं उघड सांगितलं. मला त्या माणसाबद्दल या एका गोष्टीसाठी फार आदर आहे.

आणि दुसरा मार्ग आहे, तो 'टर्मिनेटर २'च्याच दिग्दर्शकानं पूर्वी घालून दिला होता. मी वर सांगितलेलं आरशाचं दृश्य १९९१च्या सिनेमात नव्हतंच. जेम्स कॅमेरॉन यांनी १९९३ साली लेसरडिस्कवर सुमारे सोळा मिनिटांनी लांब अशी वेगळी आवृत्ती काढली, त्यात ते आलं. म्हणजे नंतरच्या आवृत्तीमुळंच मला त्या दोन बहिणींचे हात बघायला मिळाले. मी नव्या आवृत्तीच्या विरोधात कसा असेन? पुढं डीव्हीडीवर दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी मिळाल्या, ज्याला जी हवी ती त्यानं लावावी. 'ब्लेड रनर'चंही २००७ साली असंच झालं. रिडली स्कॉट यांनी अखेरची आवृत्ती केली, तिच्यात एका स्टंटबाईच्या जागी नटीचा चेहरा बसवला, आणि त्याच संचात १९८२चा सिनेमाही दिला. तिथं माझी तक्रार नाही.

आपल्याला हा प्रश्न परका वाटायचं कारण नाही. पैठणला एकनाथांसमोर ज्ञानेश्वरीच्या ज्या पोथ्या आल्या त्यांत तीन शतकांच्या नकलकारांनी आपापल्या ओळी घुसवल्या होत्या. त्यांनी पोथ्या ताडून पाहिल्या आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. नाथ स्वतः मोठे कवी. ज्ञानेश्वरीत चार ओव्या त्यांनी घातल्या असत्या तर त्या वाईट झाल्या असत्या का? मुळीच नाही. पण त्यांनी त्या घातल्या नाहीत, उलट शेवटी इशारा लिहून ठेवला: 'ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥' अमृताच्या ताटात करवंटी. नंतर बसलेला मळ काढणं हे शुद्धीकरण, आणि आपल्याकडून भर घालणं ही नरोटी, हा भेद जवळजवळ साडेचारशे वर्षांपूर्वी मराठीत इतका स्वच्छ मांडून झाला आहे. आणि नाथांना सांगायचं होतं तेव्हा त्यांनी 'भावार्थ रामायण' वेगळं लिहिलंच.

दुसरं उदाहरण अजिंठ्याचं. १९२०च्या सुमारास निजाम सरकारनं इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटणारे पापुद्रे भिंतीला धरून बसवले हे त्यांचं मोठं काम, त्यावाचून कितीतरी चित्रं गळून पडली असती. पण त्याबरोबर चित्रांवर लाखेचं रोगण चढवलं. त्या दिवशी रंग झळाळून उठले असतील. पुढं रोगण पिवळं पडलं, काळवंडलं, आणि ते उतरवण्यात पुरातत्त्व खात्याच्या लोकांची वर्षं गेली. हेतू चांगला, हात कसबी, आणि तरीही आजच्या डोळ्याला जे झळझळीत दिसतं ते उद्याच्या डोळ्याला मळ वाटू शकतं. अजिंठ्याच्या भिंतीवरून रोगण निदान उतरवता तरी येतं, कारण खाली चित्र आहे. मूळ फाइलच जपली नाही, तर पुसलेला ग्रेन कुठून आणणार?

माझ्या रेघेची खरी परीक्षा घेतो तो 'शोले', आणि तो टाळून चालणार नाही. १९७५ साली, आणीबाणीत, सेन्सॉरनं शेवट बदलायला लावला. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला मारतो, आपण पन्नास वर्षं पाहिला त्यात पोलीस येऊन त्याला थांबवतात. २०२५च्या जूनमध्ये इटलीत बोलोन्याला जतन करून दाखवलेल्या प्रतीत मूळ शेवट परत आला. मी म्हणतो 'प्रदर्शनाच्या दिवशीचं ते मूळ', तर मग सेन्सॉरच्या दडपणाखालचा शेवट मूळ आणि दिग्दर्शकाचा शेवट नरोटी? तसं म्हणणं अन्याय होईल, आणि मी तसं म्हणत नाही. रमेश सिप्पींनी जे चित्रित केलं होतं ते त्याच काळातलं काम आहे, नंतर कुणी घडवलेलं नाही. ते दिसलंच पाहिजे. पण पोलिसांवाला शेवटही पुसू नका. त्या काळात सरकारी खुर्चीवरचा माणूस सिनेमाच्या शेवटापर्यंत पोचत होता, याचा तो पुरावा आहे. दडपणाचा पुरावा नाहीसा केला तर फायदा दडपणाऱ्याचा होतो.

शेवटचा आक्षेप तरुण प्रेक्षकांचा. आजच्या पोरांना जुनं चित्र, जुना वेग सहन होत नाही, त्यांच्यासाठी थोडं उजळलं तर काय बिघडलं? हा आक्षेप घेणारे लोक सिनेमावर प्रेम करणारेच असतात, आणि भीती खरी आहे. कुणी पाहिलाच नाही तर जपून काय करायचं? म्हणून मी दिवाळीत पुतणीला घेऊन बसलो. ती नववीत आहे. जुनी डीव्हीडी, १९९१ची आवृत्ती. जॉन आणि टर्मिनेटर रस्त्यावरच्या नाण्याच्या फोनवरून घरी फोन करतात तिथं तिनं विचारलं, "काका, मोबाइल का नाही लावत?" सांगितल्यावर ती त्या फोनकडं निराळ्या नजरेनं बघू लागली. पुढं जॉन विचारतो की रशियन लोक आता आपले मित्र आहेत ना, मग त्यांच्यावर हल्ला का? तिथं तिला इतिहास सांगावा लागला. सिनेमा जुलैत लागला, सोव्हिएत संघ त्याच डिसेंबरात संपला, आणि ते वाक्य नेमकं त्या सहा महिन्यांच्या फटीत उभं आहे. एआयला सांगून त्या मुलाच्या तोंडी आज दुसऱ्या देशाचं नाव घालणं ही काही मिनिटांची गोष्ट आहे, ओठ जुळवण्यासकट. जगबुडीची तारीख सिनेमात २९ ऑगस्ट १९९७ आहे, तीही पुढं ढकलता येईल. पण मग त्या मुलीला कळणार कसं, की १९९१ साली लोक कशाला घाबरत होते?

जे हवं आहे ते फार नाही. बदललेल्या प्रतीवर ती बदललेली आहे, कधी आणि काय बदललं, याची पाटी. अमेरिकेत १९८८च्या कायद्यानं राष्ट्रीय यादीतल्या सिनेमांसाठी अशी पाटी घातलीही होती. जिथं नवी प्रत विकली किंवा दाखवली जाते तिथंच मूळ प्रतीची सोय. आणि आपल्या कायद्यात दिग्दर्शकाला थोडी तरी जागा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं सिनेमाचा 'कर्ता' निर्माता आहे, म्हणून 'रांझणा'च्या वेळी दिग्दर्शकाच्या हाती निषेधापलीकडं फारसं काही उरलं नाही. पूर्वी शेवट बदलायला नट, सेट, महिने लागायचे. तो खर्च हेच आजवर जुन्या सिनेमांचं कुंपण होतं, आणि ते आता राहिलेलं नाही.

पुतणीचं राहिलंच. कालव्यातला पाठलाग सुरू झाला, ट्रक वरून आदळला, आणि ती एकदम ओरडली, "थांब, थांब! मागं घे!" मी मागं घेतलं. ती पडद्याजवळ जाऊन बसली. ट्रक पुन्हा आदळला, काचा निखळल्या, पुढच्या शॉटमध्ये परत आल्या. "काका, हा ट्रक त्यांनी खरंच खाली टाकला होता?" मी हो म्हणालो. तिनं रिमोट माझ्या हातातून घेतला आणि आणखी तीनदा तो ट्रक खाली टाकला.